मिलिंद, एप्रिल संपायच्या आत ये

डोनोस्तिया,
14 फेब्रुवारी

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. तुझी आणि वहिनींची रजा एकदाची मंजूर झाली हे वाचून इतका आनंद झाला, की रात्रीचं जेवण आटोपून लगेच लिहायला बसलो. तू विचारलंयस, सान सेबास्तियानमध्ये (इथल्या बास्क भाषेत डोनोस्तिया, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे आमचं गाव) पाच दिवसांत काय काय बघायचं आणि मिशलिन गाइडचे तीन तारे मिळालेलं, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं, एखादं रेस्टॉरंट आत्तापासून बुक करून ठेवू का. बघायचं काय ते तुझं तू नकाशावर ठरव. खाडी देखणी आहे, तिच्या दोन्ही टोकांना डोंगर आहेत, मधे छोटं बेट आहे आणि सगळं पायी होतं. खाण्यापिण्याचं मात्र माझ्यावर सोड. आणि ते रेस्टॉरंट बुक करू नकोस.

त्या स्वयंपाकाला नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाही. दोन लाखांच्या आतलं हे गाव, पण गावात अर्साक आणि अकेलारे, आणि शेजारच्या लासार्तेत मार्तिन बेरासातेगी, अशी तीन-तीन तारे मिळवलेली घरं हाकेच्या अंतरावर आहेत. अर्साकची इमारत 1897 ची आणि त्यांचे तीन तारे 1989 पासून टिकून आहेत. 1976 च्या सुमाराला अर्साकचे हुआन मारी अर्साक आणि अकेलारेचे पेद्रो सुबिहाना फ्रान्समध्ये लियोंला पॉल बोक्यूज या नामवंत फ्रेंच आचाऱ्याकडे जाऊन आले. परत येऊन त्यांनी इथल्या आचाऱ्यांना गोळा केलं आणि बास्क स्वयंपाकाला नवं वळण दिलं. हे सगळं मोठंच काम आहे. पण तिथे माणशी अडीचशे युरोंच्या वर जातात, तीन-चार तास एका खुर्चीत बसावं लागतं, आणि तुम्ही पाचच दिवस येताय. त्या चळवळीतून जे निघालं ते झिरपत झिरपत जुन्या गावातल्या बारपर्यंत आलंय. चार-पाच युरोंच्या बशीत ते तुला उभ्या उभ्या मिळतं, आणि आजूबाजूला गाव असतं. मला तुला ते गाव दाखवायचंय.

इथली रीत अशी: एका बारमध्ये शिरायचं, तिथला एकच पदार्थ घ्यायचा, सोबत छोटासा ग्लास, काउंटरला टेकून खायचं, पैसे द्यायचे आणि पुढच्या बारमध्ये जायचं. प्रत्येक बारचा एक हातखंडा पदार्थ असतो आणि गावातल्या लोकांना तो पाठ असतो. अमक्याकडे मश्रूम, तमक्याकडे अँचोव्ही हा छोटा मासा. एकाच ठिकाणी बसून पोट भरणं इथे कोणाच्या डोक्यातच येत नाही. दर वीस मिनिटांनी जागा बदलते, वाटेत ओळखीचे भेटतात, घोळका वाढतो, कमी होतो. मी इथे आलो तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं. मशीन टूलच्या कारखान्यातली आठ तासांची ड्युटी, मग खोली. माणसं भेटली ती या काउंटरांवर.

काउंटरवर पिंचोंच्या थाळ्यांची रास लागलेली असते: पावाच्या तुकड्यांवर काहीबाही रचून वर काडी टोचलेली. बरेच पाहुणे मोठी बशी मागून ती गच्च भरून घेतात आणि तिथेच जेवण संपवतात. तू तसं करू नकोस. थंड पिंचो एखादाच घे. मागच्या भिंतीवरचा फळा वाच आणि आत गरम काय करून देतात ते माग. चांगल्या बारची खरी करामत त्या आतल्या छोट्या स्वयंपाकघरात असते. हिशोबाचं म्हणशील तर पुष्कळ ठिकाणी काय खाल्लं ते शेवटी आपणच सांगायचं. समोरचा मान हलवतो आणि आकडा सांगतो. या विश्वासाचं मला अजूनही फार अप्रूप आहे.

सुरुवात आपण जुन्या गावाच्या बाहेर, कॅथेड्रलमागे कासा बायेसमध्ये करू. तिथली हिल्दा म्हणजे या गावाचा पहिला पिंचो मानतात. 1940 च्या दशकातली गोष्ट आहे. एका काडीला हिरवं ऑलिव्ह, खारवलेली अँचोव्ही आणि इबारा गावच्या लांबट, कोवळ्या, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्या. नाव त्या काळच्या एका हॉलिवूडपटातल्या नायिकेचं. काडी तोंडात धरून सगळं एकदम ओढून घ्यायचं, तुकडे करत बसायचं नाही. खारट, आंबट, किंचित तिखट, आणि मग ऑलिव्हचा तेलकटपणा. पहिल्याच घासाला जीभ जागी होते.

तिथून चालत जुन्या गावात. 31 ऑगस्ट 1813 ला इंग्रज आणि पोर्तुगीज फौजांनी फ्रेंचांकडून हे गाव घेतलं आणि लुटून जाळलं. दोन चर्च आणि डोंगराच्या पायथ्याची एक गल्ली तेवढी वाचली. आज त्या गल्लीचं नावच ‘31 ऑगस्ट’ आहे. बाकीचं जुनं गाव त्यानंतर उभं राहिलेलं. चौकातल्या घरांच्या बाल्कन्यांवर आकडे रंगवलेले दिसतील. चौकात बैलांच्या झुंजी व्हायच्या तेव्हा बाल्कन्यांची तिकिटं विकली जायची, त्यांचे ते नंबर. हे सांगतोय कारण आपली निम्मी संध्याकाळ त्या जळून वाचलेल्या गल्लीत आणि तिच्या आसपास जाणार आहे.

चेपेचामध्ये फक्त अँचोव्हीचंच राज्य. हा मासा तुला बहुतेक पिझ्झ्यावरचा, तपकिरी आणि खारट एवढाच माहीत असेल. इथे तो व्हिनेगरमध्ये मुरवलेला, पांढराशुभ्र, मऊ मिळतो, आणि त्यावर खेकड्याचं क्रीम किंवा बारीक चिरलेली सिमला मिरची. खाताना एक लक्षात ठेव: बिस्केच्या उपसागरातला हा मासा इतका कमी झाला होता, की 2005 ते 2010 या काळात त्याच्या मासेमारीवर बंदी होती. बोटी बंदरात उभ्या राहिल्या, कोळ्यांनी सोसलं, आणि मासा परत आला. त्याचा हंगाम वसंतातला, म्हणजे तू येशील तेव्हा तो नुकता सुरू झालेला असेल.

गानबारामध्ये रानातल्या मश्रूमचे ढीग काउंटरवरच मांडलेले असतात. तव्यावर परतून बशीत घालतात आणि मधोमध कच्चा पिवळा बलक सोडतात. तो फोडायचा, मश्रूम त्यात घोळवायची. वहिनी शाकाहारी, पण अंडं खातात ना? मग हा पदार्थ त्यांचाच. स्वस्त नाही, पण इथे हात आखडता घेऊ नकोस.

बार नेस्तोरला तुझ्या धीराची परीक्षा आहे. तिथला बटाट्याचा आमलेट दिवसातून दोनदाच होतो, एकदा दुपारी एकला आणि एकदा रात्री आठला, आणि दर वेळी एकच. आधी जाऊन नाव लिहून यावं लागतं, मग वेळेवर हजर राहून आपला तुकडा घ्यायचा. बाहेरून जेमतेम धरलेला, आतून ओलसर. त्याच ठिकाणी नुसते टोमॅटो मिळतात, वर ऑलिव्ह तेल आणि जाड मीठ, बस. टोमॅटोचे पैसे मोजताना तू कुरकुरशील आणि मग दुसरी बशी मागशील. त्यांचा मोठा पदार्थ म्हणजे चुलेता, म्हाताऱ्या गाईच्या मांसाचा जाड तुकडा. मोठ्याचं तू खात नाहीस, तेव्हा तो प्रश्न नाही. ला कुचारा दे सान तेल्मोमध्ये मात्र आधी विचारून घ्यायला हवं, कारण तिथलं पुष्कळ काही त्यातलंच असतं. पण काउंटरवर थंड पिंचो न मांडता प्रत्येक बशी मागितल्यावरच करून देतात, म्हणून तिथे जायचंच. मासा घेऊ.

शेवट ला विन्यामध्ये. जगभर जो ‘बास्क चीजकेक’ म्हणून विकला जातो त्याचं हे घर. वरून करपल्यासारखा काळपट, आत थरथरता. चीज, अंडी, साखर, क्रीम आणि चमचाभर मैदा, एवढंच. भिंतीवरच्या फळ्यांवर कागदासकट केक थंड होत ठेवलेले असतात. दोघांत एक बशी पुरते.

पिण्याचं. चाकोली ही इथली पांढरी वाइन, जवळच्या गेतारियाच्या उतारांवरच्या द्राक्षांची. हलकी, आंबटसर, किंचित फेसाळ. बारवाला बाटली डोक्याच्या उंचीवर धरून रुंद ग्लासात बारीक धार सोडतो. ओतलं की लगेच प्यायचं, तो फेस टिकत नाही. मासळीबरोबर हिच्यासारखी सोबत नाही. बियर घेणार असशील तर ‘सुरीतो’ म्हण, म्हणजे अगदी छोटा ग्लास येतो. सहा ठिकाणी जायचं तर तोच मापाचा. वहिनी पीत नाहीत, त्यांनी ‘मोस्तो’ मागावा. तो द्राक्षाचा रस, संत्र्याची चकती आणि ऑलिव्ह घालून देतात. सगळ्या बारमध्ये मिळतो आणि मागणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

आता तारखेचं, कारण त्यासाठीच मी घाई करतोय. तू मे महिना म्हणतोयस. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात ये. गावापासून काही किलोमीटरवर अस्तिगारागा आहे, सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या हलक्या दारूचं, गाव. तिथली सायडरघरं जानेवारीच्या उत्तरार्धात पिंपं उघडतात आणि खरा हंगाम एप्रिलअखेर संपतो. लांब लाकडी बाकांवर जेवण: कॉड घातलेला आमलेट, मिरच्यांबरोबर तळलेला कॉड, मग चुलेता, आणि शेवटी इदियासाबालचं मेंढीच्या दुधाचं चीज, अक्रोड आणि मेंब्रियो या फळाची गोड वडी. जेवता जेवता कोणीतरी हाक देतं, की सगळे हातातलं टाकून ग्लास घेऊन पिंपांच्या खोलीकडे निघतात. पिंपाची छोटी तोटी उघडली की लांबवर धार सुटते. ग्लास तिरपा धरून धार त्याच्या कडेवर झेलायची, दोन बोटं सायडर झालं की बाजूला व्हायचं, मागचा तयार असतोच. थंड दगडी खोली, ओल्या लाकडाचा वास, रांगेत अनोळखी माणसं एकमेकांना जागा करून देताहेत. मिलिंद, यासाठी रजा आठ-दहा दिवस अलीकडे आण. वहिनींच्या ताटाचं मी आधी फोन करून बोलेन. फक्त चीज त्यांना विचारूनच देऊ, कारण ते विरजायला कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

आणि एक जागा कुठल्याच यादीत नाही, तिथे पैसे देऊनही जाता येत नाही. इथे शंभराहून अधिक खाण्याच्या सोसायट्या आहेत. ‘उनियोन आर्तेसाना’ ही 1870 ची, आजही चालू आहे. सभासदांकडे किल्ली असते. बाजारातून सामान आणायचं, सोसायटीच्या स्वयंपाकघरात आपण शिजवायचं, मित्रांना वाढायचं, आणि वापरलेलं तेल, वाइन, कॉफी कागदावर लिहून पैसे ठेवून जायचं. कंपनीतल्या एका सहकाऱ्याने मला नेलं होतं. त्या रात्री त्याने मर्लुसा माशाच्या गळ्याखालचे मऊ तुकडे, कोकोचा, केले. मातीच्या पसरट भांड्यात तेलात लसूण आणि सुकी मिरची परतून काढून ठेवली, तेल कोमट होऊ दिलं, तुकडे मांडले आणि मंद आचेवर दोन्ही हातांनी भांडं गोल गोल हलवत राहिला. चमचा नाही. माशातला चिकट अंश हळूहळू तेलात उतरायला लागला, आधी पांढरे ठिपके दिसले, मग कडा धुरकट झाल्या, आणि बघता बघता सगळं तेल सायीसारखं दाट झालं. पीठ नाही, अंडं नाही. तो दिवसभर लेथ चालवणारा माणूस आहे. मागे उभे असलेले तिघे ‘थांबू नको, थांबू नको’ म्हणत होते. या गावाची जीभ अशा रात्रींतून तयार झाली आहे. तारेवाले आचारी नंतर आले, हे माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मला तिथे पटत नाही आणि मी ती त्याला बोलूनही दाखवली. या सोसायट्या पुरुषांच्याच म्हणून सुरू झाल्या. काहींनी आता बायकांना सभासद करून घेतलंय, पण कित्येक ठिकाणी त्या पाहुण्या म्हणून येतात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबतात. त्याच्या सोसायटीत वहिनींना टेबलावर मानाने बसवतील. पण आत जाऊन भांडं हलवून बघायचं असेल तर? मी त्याच्याशी बोलतोय. नाही जमलं तर कोकोचा आपण माझ्या घरी करू, वहिनींनी भांडं हलवावं आणि खावं आपण दोघांनी.

बाकी किरकोळ. सोमवारी बरेच बार बंद असतात, म्हणून सोमवार सायडरला नाहीतर गेतारियाला ठेवू. दुपारी चार ते सात गाव सुस्त असतं, तेव्हा खाडीकाठी चाला. गुरुवारी संध्याकाळी नदीपलीकडे ग्रोसमध्ये ग्लास आणि पिंचो मिळून अगदी थोडक्यात पडतं, आणि तिथे पाहुण्यांपेक्षा इथलेच लोक जास्त. पाऊस कधीही येतो, छत्री आणा. विमान बिल्बाओचं घ्या. विमानतळावरून थेट बस आहे, सव्वा तासात इथे, मी स्टँडवर येईन.

काकूंना माझा नमस्कार सांग. तारीख बदलली की लगेच कळव, सायडरघरात शनिवारची जागा महिनाभर आधी सांगावी लागते आणि मला आपल्यासाठी पिंपांजवळचं बाक हवंय.

तुझा,
सुधीर