ओटीपी मी दिला नव्हता

सांगली, १७ ऑगस्ट

प्रिय सुभ्या,

जूनमध्ये तू विचारलं होतंस, क्रेडिट कार्ड काढायचंय, कुठलं घेऊ? दोन महिने मी उत्तर दिलं नाही. राग धरला असशील तर धर, पण पत्र पुरतं वाच. आम्ही बरे आहोत, आबांची शुगर आटोक्यात आहे.

११ जुलैला रात्री अडीचला माझ्या कार्डावर डॉलरमध्ये दोन खरेद्या झाल्या. मिळून ३८,६४० रुपये. सकाळी हळदीच्या सौद्याला निघताना मेसेज दिसले. ओटीपी आलाच नव्हता. परदेशातली कितीतरी दुकानं तो मागतच नाहीत, कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की त्यांचं भागतं. चिनूची कसलीशी वर्गणी भरायला मी ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू केले होते, ते बंद करायचे राहून गेले.

उभ्याउभ्या कार्ड बंद केलं, बँकेला फोन केला, मग १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. तक्रारीचे क्रमांक वहीत उतरवून घेतले. दुपारी लेखी अर्ज घेऊन शाखेत गेलो. समोरचा अधिकारी पोरगेलासा, बोलायला गोड. अर्ज वाचून म्हणाला, "साहेब, नीट आठवून बघा. ओटीपी तुम्हीच दिला असेल. नाहीतर घरात कुणी?"

सुभ्या, मला एकदम मेसमधली ती रात्र आठवली. गल्ल्यातले साडेचारशे रुपये, तुझ्या ट्रंकेभोवती सगळे, आणि पद्यादादा अस्साच गोड आवाजात म्हणतोय, "आठवून बघ रे." मी दारात होतो. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी चप्पल शोधायला खाली वाकलो. पुढे वर्षभर तू मला 'तुम्ही' म्हणत होतास. पैसे कुठे सापडले ते तुला-मला ठाऊक आहे.

त्या रात्री बसून रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक वाचून काढलं. चूक आपलीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची, आणि कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण सांगितलं, तर एक पैसा भरावा लागत नाही. चार ते सात दिवस लावले तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डाला दहा हजारांपर्यंत भुर्दंड. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करायचं बँकेने! एवढ्या ओळीची प्रिंट काढून मी ती त्या पोराच्या टेबलावर ठेवली. त्याने वाचली, काही बोलला नाही.

कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी लागते, ती नवव्या दिवशी झाली. निकाल मात्र नव्वद दिवसांत, म्हणजे ९ ऑक्टोबरपर्यंत. चिनूच्या शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज सप्टेंबरात करायचाय. मी खोटा ठरलो, ती रक्कम थकबाकीत धरली, सिबिल, म्हणजे कर्ज देताना बघतात तो पतीचा आकडा, घसरला, तर पोरीने काय करायचं? आबांनी चाळीस वर्षं अडत केली, कुणाचं देणं दुसऱ्या दिवसावर नेलं नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही. वैशाली म्हणते, बँकेने तक्रार फेटाळली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. जाऊच. तरी रात्री अडीचला जाग येते आणि हात फोनकडे जातो.

तुझ्या कार्डाचं सांगतो. पॉइंटांना आणि विमानतळावरच्या लाउंजला भुलू नकोस लगा, तू महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या डब्यात भडंग वाटत जाणारा माणूस. वार्षिक शुल्क नसलेलं, कमी मर्यादेचं घे, एफडीवर मिळतं तेही चालेल. परदेशी व्यवहार बंदच ठेव. आणि बिलावरची 'किमान देय रक्कम' भरून सुटलो असं समजू नकोस. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, शिवाय नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. बिल पूर्ण भरायचं, नाहीतर कार्डच नको.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ओंकारची ॲडमिशन झाली ना? सविस्तर कळव.

इतक्या वर्षांत त्या रात्रीबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही. सुभ्या, चप्पल माझ्या पायातच होती.

तुझा,
बाळ्या