वॉरंटीतल्या फ्लॅश ट्रिगरवर मारलेल्या ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वायरलेस फ्लॅश ट्रिगर बदलून मिळण्याबाबत

महोदय,

सात महिन्यांपूर्वी घेतलेला आपला ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून दूरचे फ्लॅश रेडिओनं पेटवणारं यंत्र) मी सेवा केंद्रात दिला होता. ११ दिवसांनी तो ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आला. दोष आहे, आणि आपल्या माणसांना तो का सापडला नाही हेही मला कळलंय.

मी साताऱ्याकडे लग्नाचे फोटो काढतो. कॅमेऱ्यावरूनच फ्लॅश मारला की चेहरे पीठ फासल्यासारखे येतात, म्हणून दोन फ्लॅश छत्र्या लावून स्टँडवर ठेवतो आणि ट्रिगर हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत. परवाच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले आणि सलग ९ फ्रेम अंधारात. नवरीच्या मामांनी विचारलं, “दादा, लाइट गेली का?” हार पुन्हा घालायला लावणारे फोटोग्राफर आहेत, मला ते जमत नाही.

आधी संशय हॉलच्या वाय-फायवर घेतला, कारण तोही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. घरी राउटर बंद केला, सेल नवे घातले, चॅनल बदललं, फ्लॅश चार फुटांवर ठेवले. तरी तेच. ट्रिगरचं टेस्ट बटण दाबलं की दोन्ही फ्लॅश दर वेळी पेटतात. शटर दाबलं तर कॅमेरा आडवा असताना २० पैकी १७ वेळा, उभा धरला की २० पैकी ६ वेळा. ट्रिगर अंगठ्यानं शूमध्ये दाबून धरला की २० पैकी २०.

म्हणजे रेडिओ ठणठणीत आहे, बूड सैल आहे. लॉक पुरता आवळूनही ट्रिगर शूमध्ये डुलतो. बुडाची मधली पिन, जिच्यातून फ्लॅश पेटवायचा इशारा येतो, ती दाबली की आत जाते आणि पुरती वर येत नाही. कधी बाजूच्या बारीक पिना टेकत नाहीत. मग वर ट्रिगर बसवलाय हेच कॅमेऱ्याला कळत नाही, हाय स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरशी फ्लॅश जुळवण्याची सोय, सुटतं आणि १/५०० सेकंदाच्या शटरला फोटोच्या मोठ्या भागावर फ्लॅशचा उजेडच पडत नाही. माझा जुना ट्रिगर याच कॅमेऱ्यावर बिनतक्रार चालतो.

आपल्या जॉबशीटवर ‘टेस्ट फायर ओके’ एवढंच लिहिलंय. टेस्ट बटणाचा कॅमेऱ्याशी संबंधच येत नाही. आडात पाणी आहे हो, पोहरा गळका आहे.

फोनवर मला सांगण्यात आलं, “तुम्ही धंद्यासाठी वापरता, तुम्ही ग्राहक नाही.” ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचावा. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यात ‘व्यापारी हेतू’त धरलेली नाही. माझा स्टुडिओ म्हणजे मी आणि सुट्टीत स्टँड धरायला येणारा पुतण्या.

ट्रिगर बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. पुन्हा तपासणारच असाल तर कॅमेऱ्यावर चढवून, कॅमेरा उभा धरून तपासावा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत: बिल, जॉबशीट, व्हिडिओ.

आपला,
एक ग्राहक, सातारा

ता. क. व्हिडिओ स्वयंपाकघरात काढलाय. मधला आवाज कुकरच्या शिट्टीचा आहे, ट्रिगरचा नव्हे.