वीज परतल्यावर प्लग चालू होणार की बंद राहणार, हे खोक्यावर छापा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वळवाचा पाऊस सुरू होऊन विजेचे जाणे-येणे वाढले, की माझ्याकडे गेल्या काही वर्षांत एक तक्रार हमखास येते. मोबाइलवरून चालणारा स्मार्ट प्लग कोणी हात न लावता सुरू होतो आणि त्यावरचा गीझर, पंप किंवा दिवा तासन्तास चालू राहतो. कोणाला वाटते वायफाय हॅक झाले, कोणाला वाटते वायरिंगमध्ये खोट आहे, आणि एक-दोन घरांत तर वास्तूवर बोट ठेवून झालेले असते. मी परवानाधारक तारतंत्री असून घरगुती जोडण्यांची कामे करतो. माझ्या अनुभवात अशा बहुतेक तक्रारींचे मूळ एका सेटिंगमध्ये निघते. ते सेटिंग ग्राहकाला विकत घेतानाच कळले पाहिजे आणि तसे कळवण्याची सक्ती उत्पादकांवर असली पाहिजे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

भिंतीवरचा साधा खटका वीज गेली तरी जिथे होता तिथेच राहतो. बंद केलेला असेल तर वीज चार वेळा गेली-आली तरी तो बंदच असतो, आणि आपल्या सगळ्या सवयी याच भरवशावर बेतलेल्या आहेत. स्मार्ट प्लगमध्ये खटक्याच्या जागी रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा छोटा खटका असतो आणि त्याला चालू-बंद सांगणारी छोटी चिप असते. वीज गेली की ही चिपही बंद पडते. वीज परतली की ती नव्याने सुरू होते आणि रिले जोडायचा की तोडायचा, हे तिला पुन्हा ठरवावे लागते. मुख्य उत्तरे तीन: बंद राहा, चालू हो, किंवा आधी जसा होतास तसा हो. यातले कोणते उत्तर भरून प्लग कारखान्यातून बाहेर पडला, यावर सगळे अवलंबून असते. ‘चालू हो’ असे भरलेले असेल, तर रात्री तुम्ही ॲपवरून गीझर व्यवस्थित बंद करून झोपलात तरी पहाटे वीज येताच तो सुरू होणार. यात प्लग बिघडलेला नसतो, दिलेला हुकूम तो तंतोतंत पाळत असतो. बऱ्याच ॲपमध्ये हे सेटिंग बदलता येते, पण ते दोन-तीन पडदे आत दडलेले असते आणि त्याचे नाव प्रत्येक कंपनीचे निराळे. अशा प्लगच्या चिपमध्ये घालता येणाऱ्या टास्मोटा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते ‘पॉवरऑनस्टेट’ या आज्ञेने ठरते: ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, ३ म्हणजे पूर्वीची अवस्था. म्हणजे ही बाब तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही आणि नवीनही नाही, फक्त ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. काही उपकरणे तर वीज लागोपाठ चार-सहा वेळा लुकलुकली की मुद्दाम रीसेट केल्याचे समजून मूळ कारखानी अवस्थेत जातात, आणि आपण केलेली दुरुस्तीही त्याबरोबर पुसली जाते. वादळात वीज नेमकी अशीच लुकलुकते, हे वाचकांना सांगायला नकोच.

तेव्हा प्लग आपोआप सुरू झालेला दिसला, तर तो उपटून फेकण्याआधी ॲपमधली नोंद उघडावी आणि तो कोणत्या मिनिटाला सुरू झाला ते पाहावे. वीज आली त्याच सुमाराची वेळ असेल, तर वर सांगितलेले कारण धरून चालावे. रोज ठरावीक वेळ दिसत असेल, तर कुठे तरी जुने वेळापत्रक शिल्लक आहे. पुष्कळदा ते प्लगच्या ॲपमध्ये नसते. घरातल्या बोलक्या स्पीकरच्या ॲपमध्ये कोणी तरी केलेले असते, आणि तिथून ते काढेपर्यंत चालत राहते. ठरवलेल्या वेळेपेक्षा बरोबर साडेपाच तासांचा फरक पडत असेल, तर टाइम झोन चुकला आहे असे खुशाल समजावे. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे प्लग ग्रीनिचच्या घड्याळावर चालत असेल तर पहाटे साडेपाचला लावलेला गीझर सकाळी अकराला सुरू होतो, म्हणजे घरातली सगळी माणसे कामावर गेल्यावर. वेळेचा काहीच मेळ बसत नसेल, तर मात्र घर रिकामे असताना दिवे मधूनच लावणारी ‘बाहेरगावी’ धाटणीची सोय चालू आहे का, टीव्हीतला आवाज ऐकून स्पीकर हुकूम देतो का, आणि खात्याचा पासवर्ड घरातल्या कोणाकोणाकडे आहे, हे तपासावे. जुन्या भाडेकरूच्या मोबाइलवरून नव्या भाडेकरूचा दिवा लागल्याचे मी पाहिले आहे. त्याला हॅकिंग म्हणायचे की घरमालकाचा आळस, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक प्रकार मात्र सेटिंगचा नसतो आणि तो सर्वांत धोक्याचा आहे. ॲप ‘बंद’ दाखवते, प्लगवरचा दिवाही विझलेला असतो, बटण दाबले की आतून टक् असा आवाजही येतो, आणि तरीही पंप चालूच असतो. अशा वेळी रिलेची टोके वितळून एकमेकांना चिकटलेली असतात. रिले उघडला तर चांदीच्या रंगाच्या त्या दोन टिकल्या काळ्या पडलेल्या, मधोमध खड्डा पडून डाग दिल्यासारख्या जुळलेल्या दिसतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकले की त्या सुटतातही, आणि मग ‘आता ठीक झाले’ म्हणून लोक तोच प्लग पुन्हा लावतात. तसे कदापि करू नये. एकदा चिकटलेला रिले पुन्हा चिकटतोच. याचे कारण असे, की खोक्यावर छापलेले १० किंवा १६ अँपिअर हे सहसा गीझरसारख्या साध्या तापणाऱ्या भाराचे असतात. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, आणि तेवढे १६ अँपिअरचा चांगला प्लग सहज पेलतो. एक अश्वशक्तीचा पंप चालताना याहून कमी अँपिअर घेतो, म्हणून लोक तो निर्धास्त १० अँपिअरच्या प्लगवर टाकतात. परंतु सुरू होताना मोटर काही क्षण त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्या ठिणगीत टोके जळतात, आणि मग टाकी कोरडी पडली तरी पंप थांबत नाही. पंप मोबाइलवरूनच चालवायचा असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा प्रवाह पेलणारा मोठा रिले बसवावा आणि प्लगने फक्त त्याला चालू-बंद करणारी कॉइल चालवावी.

पाणी तापवायचा रॉड तर कोणत्याही स्मार्ट प्लगवर कधीच लावू नये. गीझरला निदान पाणी तापले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो बिघडला तर वीज तोडणारा कटआउट आणि शेवटी दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या साध्या रॉडला यातले काहीही नसते. पाणी उकळून आटले की तो बादलीच जाळतो. इस्त्री आणि हीटर यांनाही माझा हाच नियम आहे, मग प्लग कितीही नामांकित असो. जुन्या घरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बोर्डात फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांची अदलाबदल झालेली असेल, तर एकच तार तोडणारा प्लग फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. उपकरण बंद दिसते, पण त्याच्या आत वीज उभी असते. बंद केलेला एलईडी दिवा अंधारात मंद लुकलुकत असेल, तर एकदा टेस्टर लावून घ्यावा.

आता मूळ मागणीकडे येतो. वॉट, व्होल्ट आणि वॉरंटी हे खोक्यावर ठळक असते, कोणत्या स्पीकरशी जुळते त्याची चित्रेही असतात. वीज परतल्यावर हा प्लग चालू होतो की बंद राहतो, ही एक ओळ मात्र माझ्या हातात आलेल्या खोक्यांवर मला आढळलेली नाही. भारतीय मानक ब्युरोने ती ओळ, तीही मराठी-हिंदीसह, सक्तीची करावी. कारखान्यातून निघताना प्रत्येक प्लगचे सेटिंग ‘बंद राहा’ असेच असावे. ज्याला फ्रीज किंवा मत्स्यटाकीसाठी ते ‘चालू हो’ असे हवे आहे, त्याने स्वतः बदलून घ्यावे. मोटरच्या भारासाठीचे अँपिअर वेगळे छापावेत. हे मागणे अवाजवी नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंवर सर्रास एकच पासवर्ड देण्यास बंदी आली आणि सुरक्षेची अद्यतने किमान किती काळ मिळतील हे ग्राहकाला जाहीर करणे बंधनकारक झाले. विषय वेगळा असला, तरी अशी माहिती सक्तीने देववता येते हे त्यातून दिसतेच.

तसा नियम होईपर्यंत ग्राहकांनी दुकानातच एक परीक्षा घ्यावी. प्लगला टेबललॅम्प लावायला सांगावे, प्लगवरच्या बटणाने तो बंद करावा, मग भिंतीवरचा खटका बंद करून दहा सेकंदांनी पुन्हा चालू करावा. दिवा लागला, तर हे सेटिंग ॲपमध्ये कुठे बदलते ते विक्रेत्याला तिथेच दाखवायला लावावे. त्याला ते दाखवता आले नाही, तर पैसे देऊ नयेत.

आपला नम्र,
एक परवानाधारक तारतंत्री, पुणे