प्रशिक्षण मार्चमध्येच का?

महोदय,

आमच्या गावात अनौपचारिक शिक्षण वर्षातून एकदा येतं आणि ते बहुधा मार्चमध्ये येतं. ३१ तारखेच्या आत निधी खर्ची टाकायचा असतो. मग समाजमंदिरात बॅनर लागतो, पाहुणे येतात, हजेरीपट फिरतो आणि चहा-वडापाव होऊन दुपारी तीनच्या सुमारास समूहफोटो निघतो. देवगड तालुक्यात मार्च म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काजूच्या बिया पडत असतात, आंब्याची काढणी लागलेली असते, पेट्या भरायला माणूस मिळत नाही. त्या दिवसांत मजुरी बुडवून खुर्चीवर बसायला कोण येणार? ‘सही तरी करून जा गो’ म्हणून गळ घातलेल्या चारदोघी येतात. मी बचत गटाची सचिव आहे, त्या सह्या मलाच गोळा कराव्या लागतात.

एका वर्षी तर आंब्याच्या कोय कलमाचं प्रशिक्षण मार्चमध्ये झालं. कोय कलम पावसाच्या तोंडाशी, जून-जुलैत बांधतात. कोय रुजून आलेलं रोप पंधरा-वीस दिवसांचं, अजून तांबूस आणि कोवळं असताना त्यावर काडी चढवायची. मार्चमध्ये कोयच नाही, तर रोप कुठलं? प्रशिक्षकांनी पडद्यावर चित्रं दाखवली. माणूस जाणता होता, त्याचा काही दोष नव्हता. आमच्यातल्या तिघी पुढे पावसात शेजारच्या वाडीतल्या एका कलमं बांधणाऱ्याच्या पडवीत बसून शिकल्या. त्यांचे हात आता चांगले बसलेत. प्रमाणपत्रं मात्र मार्चमधल्या सगळ्यांना मिळाली!

साक्षरतेचंही तेच. केंद्राच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवून त्यांची चाचणी घेतात. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून १५० गुणांची. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ रोजी झाली. रविवार होता आणि दिवसभरात सोयीने कधीही या, अशी सवलत होती. हे कौतुकास्पदच. पण महिना पुन्हा मार्च. शिवाय याच कार्यक्रमाच्या कागदावर जीवनकौशल्यं, व्यवसायकौशल्यं आणि निरंतर शिक्षण हेही घटक आहेत. सिंधुदुर्गात २०११च्या जनगणनेतच साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती. आमच्या बायकांना अक्षरं येतात. अडतं ते बँकेच्या फॉर्मवर, सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या जमाखर्चावर, आणि नेमके तेच घटक गावापर्यंत पोचत नाहीत.

हे वेगळ्या तऱ्हेने करता येतं, याचा दाखला कोकणातच आहे. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी मुलांच्या नावाने बोटं मोडली नाहीत, शाळाच कुरणात नेली. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, झाडांची नावं आणि उपयोग सांगतात. त्याही जिथे काम तिथेच शिकल्या.

पुढारीपणाचं म्हणाल, तर ते गटाच्या बैठकीत येतं, भाषणाच्या वर्गात नाही. नियमित बैठक, बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख लेखे ही ‘उमेद’ची, म्हणजे बचत गट चालवणाऱ्या राज्याच्या अभियानाची, पंचसूत्री आम्हाला पाठ आहे. त्यातली शेवटची सगळ्यांत जड. एखादीच्या कर्जाची मागणी नाकारायची, उद्या तिच्याच विहिरीवर पाण्याला जायचं आणि तरी वहीत खरं तेच लिहायचं, हे ज्या बाईने पाच-सहा वर्षं केलंय तिला ग्रामसभेत उभं राहायला भीती वाटत नाही. आमच्या गटातली एक आजी चौथीपर्यंत शिकलेली. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे तिने बैठकीत ऐकलं आणि पुढच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांना सरळ विचारलं, ‘‘भाऊनू, आमचे धा टक्के खंय गेले ता सांगा.’’ सभा गप्प. तो हिशेब मिळायला पुढची ग्रामसभा उजाडली, पण मिळाला.

पंचायतीतल्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांना आहेत. घाटावर सरपंचपती कारभार करतात म्हणे. आमच्याकडे पती मुंबईला, तेव्हा तो मान दिराकडे किंवा सासऱ्यांकडे जातो, एवढाच फरक. शेती, गुरं, म्हातारी माणसं, मुलांची शाळा हे सगळं गावी राहिलेली बाई एकहाती ओढते, आणि पंचायतीच्या आराखड्यात नळ कुठे हवा हे विचारायचं झालं की पुरुषमाणूस शोधतात.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे माझं मागणं साधं आहे. प्रशिक्षणाचं वेळापत्रक तालुक्याला बसून ठरवू नका, आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या प्रभाग संघाच्या बैठकीत ठरवा. लावणी आटोपल्यावर श्रावणात, गणपतीच्या तयारीला लागण्याआधी आम्हाला सवड असते. भातकापणी आणि झोडणी उरकली की पुन्हा थोडी मिळते. कलमाचं तेवढं मात्र पावसातच ठेवा, लावणी असली तरी संध्याकाळी तास-दीड तास आम्ही काढू. एका दिवसात सहा तास कोंबण्यापेक्षा आठवड्याला एक संध्याकाळ द्या आणि शिकवायला शक्यतो गावातलंच जाणतं माणूस मानधन देऊन घ्या.

जागेची अडचण सांगू नये. पट कमी झाला म्हणून जिल्हा परिषदेच्या कितीतरी वाडीशाळा ओस पडल्यात. आमच्या वाडीतली खोली कौलं शाकारलेली, फळ्यासकट तशीच आहे. वीजबिल गट भरेल, असा ठराव आम्ही केलाय आणि अर्जही दिलाय. किल्ली द्यायची कोणी, एवढं एकदा ठरलं की येत्या श्रावणात बसता येईल.

– बचत गटाची एक सचिव, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग