आठ भोकांचा कागद

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना,

नाव लिहीत नाही. लिहिलं तर जिन्यात गाठून ओरडाल. नौपाड्यातल्या आपल्या सोसायटीत कळायचं त्यांना कळेलच.

तीन आठवडे मी एका आकड्यापाशी अडकले होते. बुद्धिबळाचा एंडगेम टेबलबेस लिहीत होते (डावाच्या शेवटी थोडी मोहरी उरली की प्रत्येक स्थितीचा निकाल आधीच काढून ठेवलेला साठा), अगदी बालवाडीतला: राजा-हत्ती विरुद्ध एकटा राजा. यात पटाचं चित्र साठवत नाहीत. प्रत्येक स्थितीला क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाच्या खणात फक्त निकाल ठेवायचा: किती चालींत मात. प्यादं नसेल तर दोन राजांच्या मिळून वेगळ्या धरायच्या मांडण्या 462 भरतात, हे या विषयात सगळ्यांना पाठ असतं. माझा प्रोग्रॅम म्हणे 564.

जादाचे 102 आले कुठून? कॉलेजातले सर म्हणाले, "उत्तरं बरोबर येतायत ना? मग सोड." एक सीनियर तर हसलाच, म्हणाला, तयार फाइल उतरवून घे की. बरोबर येतच होती हो उत्तरं! सगळ्यात लांबची मात 16 चालींची, हवी तशीच. पण दर पाच-सहा खणांमागे एक फुकट. सिझिजी नावाचे तयार टेबलबेस सात मोहऱ्यांपर्यंतचे आहेत, ते आजच 17-18 टीबी (टेराबाइट) भरतात. तिथे कुणी "सोड" म्हणालं असतं तर?

तुम्ही आलात मेंटेनन्सची पावती द्यायला. माझं तोंड बघून बसलात, म्हणालात, "मला समजेल असं सांग." मी सांगितलं: पट फिरवला किंवा आरशात धरला तरी डाव तोच, म्हणून पांढऱ्या राजाला 64 ऐवजी 10च घरं पुरतात. तुम्ही माझा लॅपटॉप अलगद मिटलात. हातातल्या नोटिशीची कडा फाडून ती चौकोनी केलीत, मागे आठ बाय आठ घरं आखलीत, पट्टीशिवाय. (वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग बोर्डावर हयात गेलेला माणूस!) मग उभी घडी, आडवी घडी, तिसरी तिरकी. हातात उरला त्रिकोण, दहा घरांचा.

पावत्यांची टाचणी काढून एका घरात खुपसलीत. कागद उघडला. आठ भोकं. पुन्हा मिटून टाचणी तिरक्या घडीवरच टोचलीत, आणि या वेळी उघडायला माझ्याकडे दिलात. चारच भोकं वाढली होती.

"राजा घडीवर बसला की तुझी एक घडी शिल्लक राहते. ती कुणासाठी वापरतेस?"

कुणासाठीच नाही! पांढरा राजा तिरक्या रेषेवर असताना काळ्या राजालाही रेषेच्या एकाच बाजूला मुडपायचं, हे मी विसरले होते. चार ओळी घातल्या. 462.

तुम्हाला तर कॅसलिंगही (राजा-हत्तीची एकत्र चाल) येत नाही, काका. उत्तर ठाऊक नसलेल्या माणसानं माझ्या प्रश्नाला अर्धा तास दिला. अशी माणसं जिन्यात रोज भेटतात आणि आपण "कसे आहात" म्हणून पुढे सटकतो. तो कागद उघडायला तुम्ही माझ्याकडे दिलात, त्याबद्दल खरे आभार. स्वतः उघडून दाखवला असता तर मी नुसती मान डोलावली असती.

आता प्यादं घेतलंय. प्यादं एकाच दिशेनं चालतं, म्हणून फक्त उभी घडी चालते, राजांच्या मांडण्या 1806. पहिल्या फटक्यात आलं.

आणि हो, त्या नोटिशीच्या पुढच्या बाजूला मंगळवारी टाकी धुणार असल्याचं लिहिलं होतं. ती बोर्डावर लागलीच नाही, माझ्या वहीत आहे. त्या सकाळी अख्खी इमारत बिनपाण्याची राहिली, ती माझ्यामुळे.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची