केमोच्या खुर्चीआधीचा कागद : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय लोकस्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय : स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमो लागेल की नाही, हे ठरवण्याची सोय करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी इंदूरची. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी आमची ही चौथी पिढी. या पत्राची हिंदी प्रत तुमच्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते इथल्या माझ्या माणसांसाठी, कारण या दुखण्याबद्दल आमच्या घरांत अजून दार लोटून बोलतात.

माझी मोठी बहीण 61 वर्षांची आहे. गेल्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी अंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. बायोप्सी झाली, ऑपरेशन झालं. गाठ 1.8 सेंटिमीटरची, ग्रेड 2 (तीनपैकी मधली पायरी), काखेतल्या लसिका गाठींत रोग निघाला नाही. टाके ओले होते तेवढ्यात आम्हाला सांगितलं गेलं, सोमवारपासून केमो, सहा सायकल, पैसे काउंटरवर भरा. का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "कैंसर है ना आंटीजी, रिस्क क्यों लेना."

रविवारी रात्री ताईने आपले केस स्वतः कापले. कमरेपर्यंतची वेणी होती तिची. दोन्ही टोकांना रबर लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ती तिने कपाटात साड्यांखाली ठेवली. "गळताना बघवायचे नाहीत मला," एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

त्याच रात्री आमची भाची आली. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिने रिपोर्ट हातात घेतला आणि दोनदा वाचला. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ हॉर्मोनवर वाढणारी. त्याखाली 'हर-टू : 2+' (हर-टू म्हणजे गाठ झपाट्याने वाढवणारं एक प्रथिन), आणि अगदी बारीक अक्षरांत, फिश तपासणी करावी, म्हणजे हर-टू आहे की नाही हे पक्कं करणारी तपासणी. त्याखाली केआय-67, म्हणजे वाढीच्या घाईत असलेल्या पेशी, त्यापुढची जागा कोरी. "मावशी, हा रिपोर्ट अजून पुरा झालेला नाही," ती म्हणाली. "2+ म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. फिश झाल्याशिवाय केमो ठरवली कशी?"

सोमवारी आम्ही गेलो नाही.

मंत्रिमहोदय, मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवत होते. पण त्यानंतरच्या महिन्यात जे शिकले ते ऑपरेशनच्या आधी कोणीतरी पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं. स्तनाचा कॅन्सर हा एक आजार नाही. ज्यांच्या गाठीत ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसतात त्या ट्रिपल निगेटिव्ह बायकांना, फारच लहान गाठ सोडली तर, केमो लागतेच. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर बहुतेकींना केमो आणि तिच्यासोबत ट्रॅस्टुझुमॅब हे वेगळं इंजेक्शन लागतं. यांपैकी कित्येकींना तर ऑपरेशनच्या आधीच केमो द्यावी लागते, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्टच पक्का हवा. आणि ताईसारखी, हॉर्मोनवर वाढणारी, हर-टू नसलेली, काखेत न पसरलेली गाठ असेल, तर खरं औषध म्हणजे रोजची हॉर्मोनची गोळी, पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. केमोचा उपयोग अशांपैकी थोड्याच जणींना होतो. त्या थोड्या कोणत्या, हे ओळखणं हाच सगळा प्रश्न आहे.

हे ओळखता येत नव्हतं तेव्हा सरसकट केमो देण्यात चूक नव्हती. 2000 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनीच सांगितलं होतं की काखेत पसरलेलं असो वा नसो, बहुतेक बायकांना केमो द्यावी. पण त्यानंतर खूप पाणी वाहून गेलं. टेलर-एक्स नावाच्या अभ्यासात 10,273 बायका होत्या. त्यांच्या गाठीतले 21 जीन तपासून प्रत्येकीला 0 ते 100 मधला एक आकडा दिला; आकडा मोठा तितका रोग उलटण्याचा धोका जास्त. ज्यांचा आकडा 11 ते 25 मध्ये आला त्या 6,711 जणींचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले: एका गटाला नुसती गोळी, दुसऱ्याला केमो आणि गोळी. 2018 मध्ये निकाल आला. 9 वर्षांनी रोग न उलटता जगणाऱ्या बायका पहिल्या गटात 83.3 टक्के, दुसऱ्यात 84.3 टक्के. मी आयुष्यभर मुलांना टक्केवारी शिकवली, पण या दोन आकड्यांइतकं कुठल्याच आकड्यांकडे टक लावून पाहिलं नव्हतं. एवढ्या फरकासाठी किती जणींनी केस, नखं, चव, हातापायांची संवेदना आणि गळ्यातलं सोनं घालवलं असेल!

याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझं पत्र वाचून एखादी बाई केमो सोडून द्यायची आणि ते पाप माझ्या माथी यायचं. पन्नाशीच्या आतल्या ज्या बायकांचा आकडा 16 ते 25 मध्ये होता, त्यांना केमोचा काही फायदा दिसला. 2021 मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात काखेतल्या एक ते तीन गाठींत रोग असलेल्या बायका होत्या. तिथेही तेच दिसलं. पाळी गेलेल्यांना 25 पर्यंतच्या आकड्यावर केमोने फायदा नाही, पाळी चालू असलेल्यांना आहे. आपल्याकडे तर हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकरच्या वयात दिसतो आणि ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाणही जास्त आहे. म्हणून मी केमो कमी करा असं म्हणत नाही. ठरवून द्या, एवढंच म्हणते.

ठरवायला जे लागतं ते सगळं महाग नाही. ताईच्या गाठीचा ब्लॉक आम्ही मागून घेतला. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली छोटी वडी, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीत, बाजूला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. दुसऱ्या लॅबमध्ये तो पोचवायचा होता. वैशाखाची दुपार, रिक्षात झळा येत होत्या. मेण वितळेल म्हणून ताईने तो स्टीलच्या डब्यात ठेवून डबा ओल्या पंच्यात गुंडाळला होता आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता. लॅबमधल्या मुलाने सांगितलं, हे मेण साठेक अंशांपर्यंत वितळत नाही, घाबरू नका. नऊ दिवसांनी फिश निगेटिव्ह आली. केआय-67 आलं 12 टक्के.

मग ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. केंब्रिजच्या संशोधकांनी केलेलं प्रेडिक्ट नावाचं एक साधन आहे, कोणालाही फुकट उघडता येतं. त्यात वय, गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या गाठी, ईआर, हर-टू, केआय-67 भरलं. त्यांनी ताईला विचारलं, "तुमच्यासारख्या शंभर बायका या खोलीबाहेर बसल्या आहेत असं समजा. सगळ्यांना केमो दिली, तर दहा वर्षांनी केवळ तिच्यामुळे वाचलेली अशी फार तर एखाद-दुसरी निघेल. गोळीने त्याहून जास्त वाचतील. आता तुम्ही सांगा." ताईने विचारलं, "आणि ती एक मीच असले तर?" डॉक्टरीणबाई लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तसं होऊ शकतं. म्हणून तर तुम्हाला विचारते आहे." असं खरं बोलणारं माणूस आम्हाला त्या साऱ्या धावपळीत पहिल्यांदा भेटलं. ताईने केमो नको म्हटलं. आज ती लेट्रोझोल ही हॉर्मोनची गोळी घेते, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम घेते आणि दर तीन महिन्यांनी दाखवून येते.

फिश पॉझिटिव्ह आली असती तर? तर ती सोमवारची केमो अपुरी पडली असती, कारण ट्रॅस्टुझुमॅब राहून गेलं असतं. एक अर्धवट रिपोर्ट दोन्ही बाजूंनी घात करतो.

त्या डॉक्टरीणबाईंकडच्याच बाकावर बडवानीकडची एक बाई भेटली होती. वय अडतीस, पहाटेच्या बसने सरवटे स्टँडवर उतरून आलेली. तिची गाठ ट्रिपल निगेटिव्ह. पहिल्या केमोनंतर उलट्या झाल्या, घरचे म्हणाले, गाठ तर काढली, आता हे विष कशाला? दोन महिने ती आलीच नाही. तिला केमोची खरोखर गरज होती आणि तेच तिला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तिच्या पिशवीतली सगळी कागदं इंग्रजीत होती. मी वाचून दाखवली, तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "तो अब देर हो गई क्या?" मला उत्तर देता आलं नाही.

16 ऑक्टोबर 2022 ला भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं प्रसिद्ध झाली. डॉक्टर हिंदीत शिकू शकतो, तर ज्या बाईच्या शरीराचा प्रश्न आहे तिला एक पान हिंदीत मिळायला काय हरकत आहे? तुमच्या गाठीचा प्रकार हा, केमो देतोय ती या कारणासाठी, तिने अपेक्षित फायदा शंभरात इतक्या जणींना, न घेतल्यास धोका हा. खाली डॉक्टरची सही. हे पान हाती पडल्याशिवाय पहिली केमो लागू नये, असा आदेश तुम्ही काढू शकता. त्याला नवी इमारत लागत नाही.

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं (केमो घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल अशी) काढायची घोषणा झाली, पहिल्या वर्षी 200. मनापासून आनंद झाला. बडवानीच्या बाईला केमोसाठी इंदूरचे हेलपाटे पडणार नाहीत. पण केंद्रात सलाईन आणि खुर्ची असेल, तर ठरवणारं कोण असेल? जिल्ह्याच्या डॉक्टरला एकट्याने हे ओझं उचलायला लावू नका. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यात, उपचारांची मार्गदर्शक सूत्रं तयार आहेत, दूरवरच्या केसेसवर चर्चा करणारं ऑनलाइन ट्यूमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांचं मंडळ, आहे. प्रत्येक जिल्ह्याची प्रत्येक नवी केस आठवड्यातून एकदा अशा बोर्डापुढे व्हिडिओवर यावी. सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि केमोचे डॉक्टर एकत्र बोलले की रिकाम्या ओळी आपोआप दिसतात.

आणि आणखी एक बारीक गोष्ट, मोठी घोषणा नसलेली. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवी, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये, आणि तिथे निदान सहा तास, जास्तीत जास्त तीन दिवस राहायला हवी. उशीर झाला किंवा गाठ नुसत्या सलाईनमध्ये पडून राहिली तर ईआर असूनही नाही असं दिसू शकतं. मग ती बाई गोळीला मुकते आणि केमो मात्र तिच्या नशिबी येते. आमची भाची सांगते, बरणीवर गाठ काढल्याची वेळ लिहिलेली तिने क्वचितच पाहिली आहे. बरणीवर वेळ लिहिण्याची एक चिठ्ठी, पुरेसं दहा टक्के फॉर्मॅलिन आणि ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांना एक दिवसाचं शिक्षण. लाखोंच्या केमोचा निर्णय या बरणीत होतो.

हर-टू 2+ आलं की फिश सरकारी खर्चाने आपोआप व्हावी. त्यासाठी आम्ही मोजलेले साडेनऊ हजार आमच्याजवळ होते, बाकावरच्या बाईजवळ नव्हते. सरकारी योजनेतून उपचाराचं पॅकेज मंजूर करताना पूर्ण रिपोर्ट जोडणं सक्तीचं करावं, आणि त्या तपासण्यांचा खर्चही त्याच पॅकेजात धरावा. 21 जीनची ती तपासणी लाखांच्या घरात जाते, नमुना अमेरिकेला जातो. ती सगळ्यांना द्या असं मागणं शहाणपणाचं नाही, आणि प्रत्येकीला तिची गरजही नसते. पण बंगळुरूमध्ये तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्टसारखी भारतीय तपासणी आहे, परदेशीपेक्षा स्वस्त. ट्यूमर बोर्डाला जिथे खरोखर संभ्रम वाटेल तेवढ्याच बायकांसाठी राज्याने अशा तपासण्यांचे दर एकत्र ठरवावेत. कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांची औषधखरेदी एकत्र करून किमती पाडून दाखवल्या आहेत, तर तपासण्यांच्या बाबतीतही ते जमेल.

जागतिक अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा आजार झाला. त्यांतल्या प्रत्येकीपुढे हा प्रश्न कधी ना कधी आलाच असणार, आणि बहुतेकींनी तो विचारलाही नसेल.

हिंदी प्रतीसोबत ताईचे दोन्ही रिपोर्ट जोडले आहेत, तिच्या संमतीने, नाव झाकून. पहिल्यातली कोरी जागा आणि 2+ च्या खालची बारीक ओळ मी लाल पेनाने अधोरेखित केली आहे. तुमच्या विभागातल्या डॉक्टरांनी ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, ही विनंती.

आपली,
ताईची धाकटी बहीण
सुदामानगर, इंदूर