भूगोल घेऊन काय करणार?

प्रिय मिलिंद,

ओवीला भूगोलच घ्यायचाय आणि 'त्यात पुढे काय?' याचं उत्तर घरात कुणाकडेच नाही, असं तू लिहिलंस. एका भूगोलवाल्याचं आयुष्यच सांगतो.

गॉर्डन वोलमन. जन्म बाल्टिमोरला, १९२४ साली. १९५३ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट, काही वर्षं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात, आणि १९५८ पासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. पुढचं सारं आयुष्य तिथेच, नदी आणि जमीन यांच्या अभ्यासात.

नदीच्या तळाशी गोटे केवढे, हे मोजायची त्यांची १९५४ सालची पद्धत जगभर आजही वापरतात. पात्रात उतरायचं, ठरावीक अंतरावर थांबायचं, न बघता बोटाला पहिला लागेल तो गोटा उचलायचा आणि त्याची मधली रुंदी, म्हणजे सर्वांत लांब नव्हे आणि सर्वांत आखूडही नव्हे ती बाजू, मोजायची. असे शंभर. बघून उचलला, तर हात मोठ्या गोट्याकडेच जातो.

१९६० मध्ये त्यांनी जॉन मिलर यांच्यासोबत दाखवलं, की बऱ्याच नद्यांत सर्वाधिक गाळ वाहून नेतात ते महापूर नव्हेत, तर वर्षा-दोन वर्षांनी येणारे मध्यम पूर. नर्मदेसारख्या खडकाळ पात्रांना मात्र हे तसंच्या तसं लागू पडत नाही. तिथे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुरांचं काम फार मोठं, हे पुण्याच्या संशोधकांनी पुढे आणलं. शास्त्र असं वाढतं, म्हणून मला ते इतकं आवडतं.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो त्यांचा १९६७ चा निबंध. मेरीलँडमध्ये जंगलाच्या जमिनीवरून वर्षाला चौरस मैलामागे शंभर टनांहून कमी गाळ वाहतो, शेतांतून काहीशे टन, आणि बांधकामासाठी उघडी पाडलेल्या जमिनीवरून हजारो टन; छोट्या तुकड्यांवर तर लाखाच्याही वर! पुढे डांबर-काँक्रीट झालं की गाळ आटतो, पाणी मात्र धावत येतं आणि ओढा स्वतःचेच काठ खातो. आपल्याकडे टेकड्या फोडून प्लॉट पाडतात, तेव्हा खालच्या ओढ्याचं काय होणार हे सांगणारी माणसं हवीतच ना? ओवी त्यांतली एक झाली तर मला फार आनंद होईल.

नोकरीचं खरं ते सांगतो: नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झाल्यावरही कॉलेजातली जागा लवकर मिळत नाही. म्हणून जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं तंत्र) आणि संख्याशास्त्र पहिल्या वर्षापासूनच पक्कं करायला हवं.

वहिनींनाही पत्र वाचायला दे. डिसेंबरात पाणी उतरलं की मी मुलांना घेऊन नदीवर जातो, तेव्हा ओवीला चार दिवस इकडे पाठव.

तुझा,
श्रीकांत